बदलीवर जाणारं ज्ञान

अण्णांची काळी ट्रंक आमच्या साताऱ्याच्या घरात माळ्यावर होती. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. ते गेल्यावर आम्ही भावंडांनी ट्रंक खाली उतरवली. लोकरी मोजे, एक मफलर, पदकांची डबी आणि तळाशी निळ्या पुठ्ठ्याची एक वही निघाली.

वही लेहची. तिथे ते दोन वर्षं एका एमआय रूमवर, म्हणजे तुकडीच्या छोट्या दवाखान्यात होते. पानं पट्टीने आखलेली. तारीख, जवान कुठून आला, विमानाने की रस्त्याने, वर येऊन किती दिवस झाले, नाडी, श्वास, खोकला कोरडा की फेसाचा, ओठांचा आणि नखांचा रंग, काय केलं, पुढे काय झालं. नावं नाहीत, नुसते अनुक्रमांक. शेवटचा आकडा ११२. समासात बारीक अक्षरात त्यांची स्वतःची टिपणं आहेत आणि त्यातलं एक चार-पाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येतं: ‘सुट्टीवरून परत. आधी दीड वर्ष इथेच होता, म्हणून आराम केला नाही.’ उंचीची सवय झालेला, मुरलेला जवान महिनाभर घरी राहून येतो, आपल्याला काय होणार म्हणून पहिल्याच दिवशी कामाला लागतो, आणि त्याच्याच फुप्फुसात पाणी होतं. वैद्यकाच्या पुस्तकांत हे आहे. अण्णांनी मात्र ते समोरच्या माणसांकडे बघून टिपलं होतं.

वहीत एक कागद घडी करून ठेवलेला होता, हँडिंग-टेकिंगच्या यादीची कार्बन कॉपी. बदली होताना अण्णांनी पुढच्या माणसाला काय काय सोपवलं त्याचा हिशेब. स्ट्रेचर, ऑक्सिजनचे सिलिंडर, बुखारी (खोली तापवायची शेगडी), थर्मामीटर (एक फुटलेला, तसा शेरा मारून), बीपीचं यंत्र. खाली दोघांच्या सह्या. वहीचा त्यात उल्लेख नाही. ती कुणी मागितली नाही, आणि द्यावी असं अण्णांनाही सुचलं नसावं. पुढचा नर्सिंग असिस्टंट कोऱ्या पानापासून सुरू झाला असणार, पहिले पाढे पंचावन्न.

यात कुणा एकाचा दोष मी काढत नाही. लष्कर बदल्यांवर चालतं आणि चालायलाच हवं. दोन-तीन वर्षांत डॉक्टर हलतो, परिचारिका हलते, कमांडिंग ऑफिसर हलतो. संशोधनाला मात्र एका जागी बसून राहणारा माणूस लागतो. दहा दहा वर्षं तोच प्रश्न, तेच नमुने, त्याच नोंदी. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न फक्त लष्कराचा आहे असं आपण मानतो, म्हणून त्यावर बाहेर चर्चाच होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. भारताने लष्करी वैद्यकीय संशोधन आणि शिक्षणासाठी सेवेच्या बाहेर असलेली, संसदेच्या कायद्याने उभी केलेली, नफा न कमावणारी एक संस्था काढावी. बदलीच्या चक्राला जिचा हात लागणार नाही अशी.

बदली संशोधनाचं काय करते याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच भूमीवर घडलेलं आहे. रोनाल्ड रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला लष्करी डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्याने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाने डासांना स्वतःला चावू दिलं होतं, दर डासामागे एक आणा घेऊन. शतकानुशतकांचं कोडं सुटायला एकच पाऊल उरलं होतं. आणि महिनाभरात रॉसला हुकूम आला: राजपुतान्यात खेरवाड्याला रुजू व्हा. तिथे मलेरिया नावालाच होता. रॉसचा गुरू, डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन याने लंडनहून खटपट केली तेव्हा कुठे पुढच्या वर्षी रॉसला कलकत्त्याला पाठवण्यात आलं, आणि तिथे पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्याने डासाच्या अंगातलं परजीवीचं पूर्ण चक्र मांडलं. १९०२ साली नोबेल मिळालं. आपण नोबेलची गोष्ट सांगतो, मधल्या खेरवाड्याची सांगत नाही. लंडनमध्ये शब्द टाकणारा कुणी मॅन्सन ज्यांना नव्हता, असे किती जण आपापल्या खेरवाड्यात थांबले असतील?

दुसरं उदाहरण तर प्रगत, पैसेवाल्या लष्कराचं आहे, म्हणून जास्त बोचतं. हातापायाची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो. उपाय अगदी साधा, टूर्निके. दोन बोटं रुंदीचा काळा पट्टा, त्याला छोटी दांडी. पट्टा जखमेच्या वर बांधायचा, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, दांडी खाचेत अडकवायची, वेळ लिहायची. (आपल्याकडे खेड्यात साप चावला की दोरी करकचून आवळतात. तिथे ती घातक आहे. आणि पाय चिरडून रक्ताची चिळकांडी उडत असते तेव्हा मात्र कापूस शोधत बसतात.)

व्हिएतनाम युद्धातल्या मृत्यूंचा अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ७.४ टक्के सैनिक केवळ हातापायांतून रक्त वाहून गेले होते. टूर्निके असता तर ते वाचले असते. हे छापून आलं, वाचलं गेलं, आणि कपाटात गेलं. तीस वर्षांनी अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांची सुरुवात झाली तेव्हा बहुतेक सैनिकांच्या खिशात टूर्निके नव्हता. त्या सुरुवातीच्या काळातल्या मृत्यूंचा हिशेब मांडला तर याच कारणाचं प्रमाण निघालं ७.८ टक्के. एक पिढी उलटली, उपग्रह आले, संगणक आले, आणि पाय तुटलेल्या पोराच्या बाबतीत मात्र सगळं जिथल्या तिथे. मग टूर्निके प्रत्येकाला मिळाला, प्रत्येकाला शिकवला गेला, आणि २००१ ते २०११ या दशकाच्या एकूण हिशेबात ते प्रमाण २.६ टक्क्यांवर आलं.

पट्टा आवळला की हात-पाय कापावा लागतो, ही जुनी भीती होती. बगदादच्या लष्करी रुग्णालयात २००६ साली सात महिने नेटाने नोंदी ठेवल्या गेल्या. रुग्ण शॉकमध्ये जाण्याआधी (म्हणजे रक्त कमी पडून शरीर कोलमडण्याआधी) टूर्निके लावला तर जगण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्के, शॉकमध्ये गेल्यावर लावला तर १० टक्के, आणि केवळ टूर्निकेमुळे एकही अवयव गमवावा लागला नाही. नोंदी होत्या म्हणून वाद मिटला. आज अमेरिकेत सामान्य माणसांनाही हे शिकवतात. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. घाटात उलटलेल्या ट्रकच्या चालकाला तोच पट्टा वाचवू शकतो. रणांगणावर शिकलेलं असं रस्त्यावर उतरतं, पण मधे ते जपणारं कुणीतरी लागतं.

युद्धात शिकलेलं शांततेत विसरण्याच्या या प्रकाराला लष्करी वैद्यकात नावही आहे, ‘वॉकर डिप’. ब्रिटिश नौदलाच्या एका सर्जनच्या नावावरून पडलेलं. म्हणजे रोग ठाऊक आहे. आता त्यावर अमेरिकेने जो एक इलाज केला, त्याकडे मला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे.

वॉशिंग्टनला लागून बेथेस्डा नावाचं गाव आहे. तिथे सैन्यदलांसाठी डॉक्टर घडवणारं सरकारी विद्यापीठ आहे, युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी. १९७२ च्या कायद्याने ते निघालं. ते चालू झाल्यावर काही वर्षांतच अडचण कळली. सरकारी विद्यापीठाला देणगी घ्यायची तर नियम आडवा, बाहेरचा शास्त्रज्ञ नेमायचा तर पद मंजूर नाही, औषध कंपनीशी किंवा परदेशी विद्यापीठाशी करार करायचा तर फाईल वर्षभर फिरणार. आणि गणवेशातला संशोधक तर बदलीवर जाणारच. तेव्हा १९८३ साली अमेरिकी संसदेने वेगळा कायदा करून एक फाउंडेशन काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिनेटर हेन्री जॅक्सन वारले आणि संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं, हेन्री एम. जॅक्सन फाउंडेशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ मिलिटरी मेडिसिन.

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, ही संस्था सरकारचं खातं नाही असं कायद्यातच लिहिलं आहे. दोन, तिच्या संचालक मंडळात संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संरक्षणविषयक समित्यांचे अध्यक्ष पदसिद्ध आहेत आणि त्यांच्यासोबत त्या समित्यांमधले विरोधी बाजूचे ज्येष्ठ सदस्यही. एका पक्षाची संस्था होऊ नये याची तजवीज सुरुवातीलाच केली. तिसरी गोष्ट उद्देशाच्या कलमातली. लष्करी आणि नागरी वैद्यकाच्या परस्पर फायद्यासाठी हे काम आहे, असं तिथे म्हटलं आहे. हा ‘परस्पर’ शब्द कायद्यात असणं फार महत्त्वाचं. नागरिकांनी सैनिकांवर उपकार करायचे, अशी भाषा त्यात नाही.

व्यवहारात ती काय करते? शास्त्रज्ञ, परिचारिका, आकडेतज्ज्ञ, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांना स्वतःच्या नोकरीवर ठेवते आणि लष्करी प्रयोगशाळांत कामाला बसवते. गणवेशातला प्रमुख बदलला तरी फ्रीझरमधले नमुने कुठल्या कप्प्यात आहेत हे ठाऊक असलेली बाई तिथेच असते. अनुदानांचे अर्ज, करार, हिशेब ती सांभाळते. अमेरिकन लष्कराच्या एचआयव्ही संशोधनाचे निबंध चाळले तर शेवटच्या बारीक टाइपातल्या ओळीत या फाउंडेशनचं आणि संरक्षण खात्याबरोबरच्या त्याच्या सहकार्य कराराचं नाव येतं. बातमीत ते कधी येत नाही.

थायलंडमधली एचआयव्ही लशीची चाचणी या चिकाटीचा नमुना आहे. चोनबुरी आणि रायोंग या दोन प्रांतांत २००३ साली थाय आरोग्य मंत्रालयाने अमेरिकी लष्कराच्या सोबतीने ती सुरू केली. स्वयंसेवक १६,४०२. सुरू झाल्यावर काही महिन्यांतच, २००४ मध्ये, २२ नामांकित शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पत्र लिहून या चाचणीवर जाहीर आक्षेप घेतला. तरी ती पूर्ण केली गेली. २००९ च्या सप्टेंबरात निकाल आला. संसर्ग ३१.२ टक्क्यांनी कमी झाला होता. लस म्हणून वापरायला हे पुरेसं नव्हतं, पण एचआयव्हीपासून लशीने काहीतरी संरक्षण मिळू शकतं याचा तो पहिला पुरावा होता. त्या धाग्यावर दक्षिण आफ्रिकेत पुढची मोठी चाचणी झाली आणि २०२० मध्ये ती परिणाम दिसत नाही म्हणून थांबवली गेली. हेही सांगायला हवं. संशोधन असंच असतं, सहा वर्षं खपून अर्धवट उत्तर, मग त्यावर आणखी काही वर्षं. तीन वर्षांच्या पोस्टिंगमध्ये हे बसत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे काही नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. पुण्याला वानवडीत सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, आपलं एएफएमसी. बी. सी. रॉय समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली ते उभं राहिलं, १९६२ पासून तिथे एमबीबीएस होऊन मुलंमुली सैन्यात जातात. मराठी घरांमधून किती तरी जण तिथे शिकले. लष्कराची स्वतःची वैद्यकीय संशोधन समिती आहे, ती प्रकल्प मंजूर करते. संरक्षण संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, डीआरडीओच्या, प्रयोगशाळा आहेत. पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. आर्मी मेडिकल कोअरचं बोधवाक्य ‘सर्वे सन्तु निरामयाः’, आणि ते ‘सर्वे’ आपल्या लष्करी डॉक्टरांनी खरं करून दाखवलं आहे.

उंचीवरच्या आजाराचंच पाहा. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर मैदानी प्रदेशातली हजारो पोरं थेट विमानाने दहा-बारा हजार फुटांवर उतरवली गेली. धडधाकट जवान रात्रीत धापा टाकायला लागायचा, सकाळपर्यंत तोंडाला फेस. थंडीने न्यूमोनिया झाला असं समजून उपचार व्हायचे. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी हे रुग्ण एकामागून एक तपासले, नोंदवले, आणि १९६९ साली १,९२५ सैनिकांवरचा त्यांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. जगातला उंचीवरच्या आजाराचा कुठलाही अभ्यासक आजही तो निबंध ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. आज जवान वर जाताना टप्प्याटप्प्याने जातो. पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार. पुण्या-मुंबईची कुटुंबं लेहच्या विमानतळावर उतरतात आणि टॅक्सीवाला त्यांना ‘पहिले दोन दिवस कुठे फिरू नका’ म्हणतो, ते शहाणपण सैनिकांच्या फुप्फुसांतून आलेलं आहे.

मग नवीन संस्था कशाला? कारण इंदर सिंगांसारखी माणसं व्यवस्थेमुळे घडली असं म्हणवत नाही. ती व्यवस्थेतून वाट काढत घडली. १,९२५ रुग्णांचा तो साठा पुढे पन्नास वर्षं त्याच काटेकोरपणे वाढत राहिला असता, त्या जवानांचं साठाव्या-सत्तराव्या वर्षी काय झालं, हृदयावर काय परिणाम झाला, हे कुणी धरून ठेवलं असतं, तर त्याला जगात तोड नसती. सियाचीनवर १९८४ पासून आपली माणसं आहेत. इतक्या उंचीवर, इतकी वर्षं माणसं ठेवणारे देश जगात फार थोडे. असा अनुभव फार थोड्यांकडे आहे, आणि त्याची किंमत आपल्याच घरांनी मोजली आहे. तो एमआय रूमच्या रजिस्टरांत आणि निवृत्त माणसांच्या ट्रंकांत विखुरलेला राहावा, हे मला सहन होत नाही.

डीआरडीओ आहे ना, असं म्हटलं जातं. डीआरडीओचा पिंड शस्त्रांचा आणि गोपनीयतेचा. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात नाव असल्यामुळे ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. क्षेपणास्त्रासाठी ते योग्य असेल, फुप्फुसातल्या पाण्यासाठी गुप्तता कशाला? कोणती तुकडी कुठे होती हे झाका, तारीख झाका, जागा झाका. माणसाच्या शरीराने उंचीला काय प्रतिसाद दिला, यात शत्रूच्या उपयोगाचं काही नाही. वैद्यकीय ज्ञान उघड केल्याने वाढतं, तपासलं जातं, चुकीचं असेल तर दुरुस्त होतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. देणग्या घेणारी संस्था म्हटली की औषध कंपन्या शिरणार, निकाल त्यांच्या बाजूने झुकणार. ही भीती खरी आहे आणि ती मी झटकून टाकत नाही. आज कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठीची कामं त्या यादीत आहेतच. असा पैसा स्वच्छ मार्गाने येऊ शकतो. पण ज्या कंपनीचं औषध किंवा उपकरण तपासायचं आहे तिच्याकडून देणगी घ्यायची नाही, हा नियम पहिल्या पानावर हवा. अमेरिकेच्या संस्थेबद्दलही माझी एक शंका आहे. तिचा बहुतेक पैसा पुन्हा सरकारी अनुदानांतून आणि करारांतूनच येतो. म्हणजे सरकारचं लक्ष दुसरीकडे वळलं की तिचे प्रकल्पही सुकतात. आपण काढू त्या संस्थेला सुरुवातीलाच एक कायमनिधी मिळाला पाहिजे, ज्याच्या व्याजावर किमान नोंदी आणि नमुने सांभाळणारी माणसं तरी टिकतील.

सगळ्यात जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि सैनिकाची मुलगी म्हणून तो मला रात्री जागं ठेवतो. सैनिकाला ‘नाही’ म्हणता येतं का?

रावळपिंडीला १९३० च्या दशकापासून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो भारतीय सैनिकांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. हे प्रयोग दहा वर्षांहून जास्त चालले. भारतीय कातडीवर आणि गोऱ्या कातडीवर या वायूचा परिणाम वेगळा होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. काही जण अर्ध्या चड्डीत आणि सुती शर्टात वायूच्या खोलीत गेले, भाजून रुग्णालयात पडले. २००७ साली लंडनच्या अभिलेखागारातल्या कागदांवरून ही हकिकत वर्तमानपत्रांत आली. तोवर बहुतेक जण आपल्या अंगावरचे ते डाग घेऊनच गेले असणार. ती आपल्याच आज्या-पणज्यांची पिढी. त्यांनी संमती दिली होती का, हा प्रश्न विचारायलाही पाऊणशे वर्षं लागली. अमेरिकेनेही १९९० मध्ये आखाती युद्धाच्या तोंडावर सैनिकांना अजून पूर्ण मंजुरी न मिळालेली औषधं त्यांच्या संमतीविना देता येतील असा नियम केला. पुढे ओरड झाली, आणि आता अशी सूट फक्त राष्ट्राध्यक्ष देऊ शकतो.

औषध-चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सैनिकांची गणना ‘असुरक्षित गटात’ होते, कैद्यांच्या जोडीला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, माझे वडील कैद्यांच्या ओळीत. मग पटलं. साहेबांनी विचारलं, ‘कोण कोण तयार आहे?’ तर रांगेतला कोणता जवान हात खाली ठेवेल? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने यावर नियम केला आहे. जवानांना अभ्यासाची माहिती देताना त्यांचा वरिष्ठ त्या खोलीत असता कामा नये, आणि जोखीम किरकोळपेक्षा जास्त असेल तर सैनिकांची बाजू पाहणारा स्वतंत्र माणूस तिथे बसलेला हवा. हा नियम आपल्या कायद्यात जसाच्या तसा यावा. खरं तर बाहेरची संस्था हवी, याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. हुकूम देणारा आणि संमती मागणारा एकाच गणवेशात असू नयेत.

म्हणून मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं आहे, आणि वाचकांनीही आपापल्या खासदारांना लिहावं अशी विनंती करते. संरक्षणविषयक स्थायी समितीचे सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही बाजूंचे सदस्य संस्थेच्या मंडळावर हवेत. एएफएमसीचं तिच्याशी कायद्याने बांधलेलं नातं हवं. संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत हवी. प्रत्येक अभ्यासाची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे चाचण्यांच्या जाहीर नोंदवहीत, तो सुरू होण्याआधी व्हावी, आणि निकाल चांगला असो वा वाईट, ठरलेल्या मुदतीत छापला जावा. शिक्षणाची बाजूही तिच्याकडेच हवी. अण्णांसारख्या नर्सिंग असिस्टंटला निरीक्षण कसं लिहावं, आकडे कसे ठेवावेत हे शिकवलं, त्याच्या नावाने निबंध छापला, तर किती माणसं पुढे येतील! आजवर संशोधक म्हटलं की अधिकारीच डोळ्यासमोर येतो. रात्री दोन वाजता जवानाच्या नखांचा रंग बघणारा माणूस बहुतेक वेळा अधिकारी नसतो.

आणि पहिलं काम म्हणून तिने निवृत्त माणसांच्या वह्या गोळा कराव्यात. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर इथल्या किती घरांत त्या असतील. सियाचीनवर, कारगिलला राहिलेली, वैद्यकीय कोअरमधली माणसं अजून आहेत, त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे. दहा वर्षांनी नसेल.

अण्णांची वही मी संगणकावर उतरवून घेतली. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘बरा, ड्यूटीवर’ असं आहे, बऱ्याच ठिकाणी ‘खाली पाठवला’. सात ठिकाणी नुसती आडवी रेघ. त्या सातांपैकी तिघांसमोर समासात तेच टिपण आहे, सुट्टीवरून परत. अशी संस्था उभी राहिली तर मी मूळ वही तिच्या दारात नेऊन देईन, आणि सही-शिक्क्याची पावती मागेन, तारीख घालून, स्ट्रेचर आणि सिलिंडरसारखी.